साडूच्या काठ्यांची परीक्षा

शास्त्रापुढे माणसाने नातंगोतं, राग-लोभ सारं बाजूस ठेवावं, असं माझं मत आहे. म्हणूनच साडूने आणलेल्या गोल्फच्या नव्या काठ्या टाकाऊ आहेत, हे सिद्ध करण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

कुंभकोणमात गोल्फ हा उन्हाळ्यातला खेळ. कावेरी आटली की वाळूत नऊ भोकं खणायची, काथ्याच्या पायपुसण्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. क्लबाला नियमावली आहे, सेक्रेटरी आहे (मीच, एरवी कॉलेजात फिजिक्स शिकवतो) आणि मेअखेरच्या सामन्याचं बक्षीस म्हणून एक पितळी कुजा आहे. तीन वर्षं तो आमच्या घरी आहे. माझी बायको भवानी बहिणीकडे जाताना तो पाण्याने भरून नेते, जणू मंगलाच्या घरी विहीर नाही.

त्या मंगलाचा नवरा व्यंकोजी. पेठेत त्याचं समयांचं दुकान. मे लागताच त्याने मद्रासेहून सात लोखंडी काठ्या मागवल्या. पाती इतकी चकचकीत की त्यांत मला माझा चेहरा दिसला, आणि तो मला आवडला नाही. सोबत छापील कागद होता : चेंडू पात्याच्या मधोमध न लागला तरी ही काठी खेळणाऱ्याची चूक माफ करते.

"सेक्रेटरीने पास केल्याशिवाय नवी काठी सामन्यात चालत नाही. नियम आहे," मी म्हणालो. नियम मी आदल्या संध्याकाळी लिहिला होता.

"मग तपासा की," व्यंकोजी म्हणाला. "आणि तुम्हीच मारा, साडूभाऊ. माफी तपासायची तर चुका करणारा माणूस पाहिजे. माझा चेंडू मधोमधच लागतो, त्यास मी काय करू?"

चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उठावा म्हणून मी पात्याला खडूची पूड फासली. पाच फटके मुद्दाम पात्याच्या टोकाने मारले, पाच दांड्याजवळून. दहाही चेंडू सरळ गेले. मग माझ्या जुन्या काठीने दहा अचूक फटके मारले. ते माझ्या चुकांच्या वीस पावलं अलीकडे पडले. दोन तर काठच्या काटेरी झुडपांत.

व्यंकोजी पावलं मोजून परत आला. "पास?"

"एका दिवसावर शास्त्र ठरत नाही. काठ्या माझ्याकडे राहू देत. सामना पुढे ढकलू."

दुसऱ्या रविवारी मी त्या ओल्या वाळूत तपासल्या, तिसऱ्या रविवारी वाऱ्याविरुद्ध. मधल्या दिवसांत संध्याकाळीही तपासत होतो, हे व्यंकोजीला ठाऊक नव्हतं. भवानीला होतं.

"एवढ्या आवडल्या तर आपणही घ्याव्या," ती म्हणाली.

"मला काठ्यांची हाव नाही."

"मग रोज त्यांना खोबरेल कोण चोळतं? मी?"

चौथ्या रविवारी मी लेखी अहवाल दिला. काठ्या पास, मात्र कुणावर अन्याय नको, म्हणून सामन्यात त्या सर्व सभासदांनी वापराव्यात. व्यंकोजीने तो दोनदा वाचला.

"म्हणजे माझ्या काठ्यांनी तुम्ही कुजा जिंकणार."

"नियम आहे."

"कधीपासूनचा?"

"आजपासूनचा."

सामना पुढच्या रविवारी ठरला. त्याच आठवड्यात मेट्टूरच्या धरणातून दर जूनमध्ये सोडतात ते पाणी येऊन पोचलं. रविवारी सकाळी आम्ही काठावर उभे राहिलो, तेव्हा नऊच्या नऊ भोकं कावेरीखाली होती. पायपुसणंही गेलं होतं. शेजारी दोन बायका नव्या पाण्याला हळदकुंकू वाहत होत्या.

"महिनाभर तपासलंत," व्यंकोजी म्हणाला. "ही चूक माफ करणारी काठी निघाली की सांगा. तीही मागवतो." माझ्या खांद्यावरच्या काठ्या उतरवून घेऊन तो दुकानाकडे गेला.

सामना न झाल्यास कुजा जुन्या विजेत्याकडे राहतो, असाही नियम आहे. त्याप्रमाणे तो राहिला. क्लबात सभासद आम्ही दोघेच आहोत.