ढब्बीच्या पिंजऱ्यावरचं गोणपाट

मी एक गोणपाट. तागाचं, जाडंभरडं, कडेला उसवलेलं. आता पाय पुसायलाही मला कोणी घेणार नाही. पण या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला जे आलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्मलो तेव्हा मी पोतं होतो. पोटभर गहू घेऊन हमालांच्या पाठीवरून हिंडलो. एकदा एका हमालाचा आकडा कुशीत घुसला आणि भोक पडलं. भोक पडलेल्या पोत्याला कोण विचारतो? फिरत फिरत एका पाववाल्याच्या भट्टीवर आलो. त्यानं मला उभं चिरलं आणि घराच्या दारात पायपुसणं म्हणून टाकलं.

दारात पडल्यापडल्या माणसं कळू लागली. आनंदात आलेला माणूस पायच पुसत नाही, थेट आत घुसतो. भांडून आलेला मात्र जरा जास्तच वेळ पुसत राहतो. पाववाल्याची लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा तिनं बाहेर जाताना पाय पुसले.

"जायचं तर जा. मला फोन मात्र करू नकोस," बाप आतूनच म्हणाला.

"ढब्बीला सांभाळा, बाबा. तेवढं तरी," ती म्हणाली आणि गेली.

ढब्बी म्हणजे तिची पांढरी, गुबगुबीत सशीण. "या घरात माणसं दोन आणि उपटसुंभ एक," असं पाववाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पाला मात्र रोज स्वतः आणून घाली. लेकीची खुशाली त्याला बायकोच्या तोंडून कळे. विचारायचा नाही, पण ऐकायला कान टवकारून बसायचा.

मग शेजारणीचा ससा पाहुणा म्हणून आला. पाहुणचार जरा जास्तच झाला असावा, कारण ऐन उन्हाळ्यात ढब्बी व्याली. पिलं उघडीनागडी, डोळे मिटलेली. मागच्या अंगणात पत्र्याखाली तिचा पिंजरा. त्या दिवसांत ऊन नुसतं आग ओकत होतं. एका दुपारी वीज गेली आणि पिंजऱ्यासमोरचा पंखाही बंद पडला.

"अहो, लवकर या! ढब्बी तोंड उघडं टाकून धापा टाकतेय. पिलं घरट्याबाहेर सरपटलीत!"

बायकोची हाक ऐकून पाववाला अनवाणीच धावला. पिलांना उचलायला त्यानं हात घातला, तोच भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "हात लावू नका! माणसाचा वास लागला की आई पिलांना टाकते!"

त्याचा हात जागच्या जागी थबकला.

"लेकीला विचारा," बायको म्हणाली.

"तू लाव फोन."

"मी ढब्बीला वारा घालतेय. तुम्हीच लावा."

त्यानं लावला. "ढब्बी धापा टाकतेय, पिलं बाहेर सरपटलीत," एवढंच म्हणाला.

"बाबा? घाबरू नका, ऐका. आधी पिंजरा पत्र्याखालून काढा, वारा लागेल अशा सावलीत ठेवा. बर्फाच्या पाण्यात तिला घालू नका, धक्का बसेल. ओल्या बोटांनी कान पुसा. सशांना घाम येत नाही, त्यांची गरमी कानांतून जाते. तिनं अंगावरची उपटून घरट्यात घातलेली जास्तीची लोकर काढा. पिंजऱ्यावर ओलं काहीतरी टाका, पण एक बाजू मोकळी ठेवा."

"पिलांना हात लावू?"

"हात धुवून खुशाल लावा. ती तुम्हाला ओळखते, बाबा. तिला पाला कोण घालतं, ते आईनं सांगितलंय मला."

पाववाल्यानं हात धुतले, पिलं घरट्यात ठेवली. दोघांनी पिंजरा उचलून दाराशेजारच्या सावलीत आणला. तिथं त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला झटकलं, बादलीत खळखळून धुतलं आणि उन्हाच्या बाजूनं पिंजऱ्यावर सोडलं. गरम वारा माझ्यात शिरायचा आणि गारवा घेऊन आत उतरायचा. गार बाटली फडक्यात गुंडाळून त्यानं ढब्बीच्या कुशीशी ठेवली आणि तिचे कान पुसत बसला. एक पिलू मात्र वाचलं नाही. त्यानं ते तळव्यावर उचलून घेतलं. मग अंगणाच्या कोपऱ्यात त्यानं त्याला पुरलं.

संध्याकाळी ढब्बीनं तोंड मिटलं, ती पाणी प्यायली. पण पिलांकडे फिरकली नाही. दोघांचा जीव टांगणीला. जेवण तसंच झाकून राहिलं.

पहाटे बायकोनं हळूच लोकर बाजूला केली. पिलांची पोटं टम्म फुगलेली!

"अहो, पाजलं हो हिनं!"

या वेळी फोन लाव म्हणून सांगावं लागलं नाही.

"पाजलं हं तिनं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही? जेवलात का?"

"आता जेवतो. तू कधी येतेस?"

ती येत्या सुट्टीत येणार आहे. पिलांनी डोळे उघडलेत, अंगावर लव आलीय. ऊन अजून तसंच आहे. पाववाला भट्टीवरून आला की आधी मला हात लावून बघतो, मग चहा मागतो.

माझे धागे आता सुटत चाललेत. सदा भिजणारं गोणपाट लवकर कुजतं, हे मला ठाऊक आहे. त्याची मला खंत नाही. तुमच्याही अंगणात असा एखादा मुका जीव पिंजऱ्यात असेल, तर माझ्यासारखं काहीतरी अडगळीतून शोधून काढा. आणि मला कुजायचं तर कुजू द्या, पण हा उन्हाळा सरेपर्यंत सुकू देऊ नका.