एकशे शहात्तर नंबरचं इंजिन

सहाचा आकडा किंचित तिरका बसला होता. भिंग डोळ्याला लावलं की दिसायचा, काढलं की नाही… म्हणजे दुसऱ्या कुणाला कधीच दिसला नसता. पण आपल्याला माहीत असतं ना, तिथेच तर सगळी गोम आहे, असं स्वतःशी पुटपुटत धनंजयने इंजिन पुन्हा दिव्याखाली धरलं. वीतभर लांबीचं, नारिंगी-काळ्या रंगाचं आयरिश डिझेल इंजिन. कुशीवर तीन पांढरे आकडे – एक, सात, सहा – पाण्यात भिजवून, चिमट्याने सरकवत सरकवत त्यानेच चिकटवलेले, कारण दुकानदाराकडे एकशे शहात्तर नव्हतंच, एकशे बासष्ट होतं. जुने आकडे खरवडताना थोडा नारिंगी रंगही निघाला होता. विद्या म्हणाली होती, अहो, नंबराने काय फरक पडतो, धावतंय ना? बायकोचं बरोबरच होतं. धावत होतं.

चाकं पुसायला त्याने कापूस शोधला तर कापूस जागेवर नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत आई त्याच कापसाच्या वाती वळत बसली होती. तीन आठवड्यांत तिने दोन पुडकी संपवली. अल् घुब्र्याच्या या फ्लॅटमध्ये वर्षभर पुरतील एवढ्या वाती झाल्या, आणि त्याच्या इंजिनांची चाकं मस्कतच्या धुळीने काळी ती काळीच. मागावा कापूस? जाऊ दे. उद्या दुपारी तिचं विमान आहे. उद्यापासून कापूसच कापूस.

उद्या दुपारी विमान… म्हणजे सांगायचं तर आजच. विमानतळावर तिला उतरवून घेतलं त्या रात्री गाडी चालवताना त्याने ठरवलं होतं, की यावेळी आईला सांगायचंच. पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला, हा तिसरा. ती एकोणऐंशी वर्षांची, व्हिसा पुन्हा काढायचं नाव काढलं की म्हणते, आता माझा व्हिसा वरचा. चोवीस वर्षं जे बोललो नाही ते आज दुपारच्या जेवणाच्या आत बोलायचं, आणि वर पुन्हा चाकंही पुसायची.

खोलीच्या तीन भिंतींना लागून प्लायवुडचं टेबल, त्यावर हिरव्या भुकटीचं गवत, पुठ्ठ्याचा दहा कमानींचा पूल, दोन स्टेशनं, एक बोगदा. रुसैलच्या फॅक्टरीत त्याच्याबरोबर काम करणारा हारून एकदा येऊन बघून गेला होता; म्हणाला, आमच्या देशात रेल्वे येईल, इन्शाल्ला, पण तोवर सगळी सल्तनत तुझ्या बेडरूमवर भागवते आहे. उर्वी लहान होती तेव्हा खेळायची, आता अकरावीला गेल्यापासून मैत्रिणींना ही खोली दाखवतसुद्धा नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न – आयर्लंडच का? इंडियन का नाही? त्याचं उत्तर ठरलेलं होतं: तरुणपणी तिकडे अकरा महिने ट्रेनिंगला होतो. लोकांचं समाधान व्हायचं. खोटं नव्हतं ते… अर्धं होतं.

मॅलो. पावसाळी, राखाडी, दुधाच्या पावडरचा वास येणारं गाव. त्र्याण्णव सालचा जून, रविवार. वय एकोणतीस. घरमालकीण बाईंनी डब्यात सँडविच घालून दिलं आणि मी निघालो ट्रॅलीला – काही काम नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं – नुसता गाडीत बसायला. पुढे इंजिन एकशे शहात्तर, मागे चार डबे. पुलावरून जाताना खाली काळंभोर पाणी, मग शेतं, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि किलार्नीला काय गंमत, गाडी स्टेशनात शिरते आणि पुढे वाटच नाही! तिला तशीच उलटी मागे जावं लागतं, मग रूळ बदलून पुन्हा पुढे. मागे निघाली तेव्हा मला वाटलं, झालं, परत निघालो. समोरच्या म्हाताऱ्याने माझा चेहरा बघितला आणि तो हसायला लागला, मग मीही हसायला लागलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. नंतरही नाही, लग्नात नाही, उर्वी झाली तेव्हासुद्धा भीतीच जास्त होती.

घड्याळाचं गणित त्याने नंतर केलं, पुष्कळदा केलं. किलार्नीला साडेबारा, म्हणजे भारतात संध्याकाळचे पाच. राजापूरच्या दवाखान्यात बाबा गेले ते पाचला.

संध्याकाळी परतलो तर घरमालकीण बाई दारातच उभ्या. इंडियाहून दोनदा फोन आला होता, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने, नंदूने, एसटीडी बूथवरून पुन्हा फोन लावला, मग त्याच्या हातातून आईने घेतला, आणि ती काही विचारायच्या आत मी बोलून गेलो – रविवारची पाळी होती, मशीन बंद पडलं होतं, फॅक्टरीतच होतो गं. कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. ते वाक्य मग गावभर झालं. तेराव्याला, वर्षश्राद्धाला, दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, गुरुजींचा थोरला कामावर होता हो, परदेशात, काय करणार बिचारा. आणि बिचारा खाली मान घालून बसायचा.

बरं, गाडीत बसणं हा काही गुन्हा नाही, हे त्यालाही कळत होतं. टोचणी वेगळीच होती. बाबांनी जन्मात रेल्वेत पाय ठेवला नव्हता. राजापूर तालुक्यातला प्राथमिक शिक्षक, मुंबईला गेले तेही एसटीने. कोकण रेल्वेच्या मोजणीचे दगड गावाच्या सड्यावर पडले तेव्हा रोज शाळा सुटल्यावर ते दगड बघायला जायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ – तिकडच्या रेल्वेविषयी सविस्तर लिही. दहा पत्रं आली, दहा वेळा ती ओळ. मी लिहिलं नाही. लिहू, लिहू, एकदा नीट प्रवास करू आणि लिहू. आणि त्या रविवारी नीट प्रवास केला तर सबंध दिवसात मला बाबांची एकदासुद्धा आठवण आली नाही. एकदासुद्धा! दगडी कुंपणं आठवतात, सँडविचमधली काकडी आठवते, त्या म्हाताऱ्याचे पुढचे पडलेले दात आठवतात…

“धनू, ते आज एकटं चालव बघू,” आई म्हणाली. “ते नारिंगी. एका वेळी तीन-तीन पळवतोस, माझी नजर ठरत नाही.”

तिच्या बोलण्याने तो दचकला. हो म्हणाला, आणि एकशे शहात्तर रुळावर ठेवलं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला एक नंबर द्यायचा. मग कंट्रोलरवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं, बाकीची रुळावर असूनही गप्प उभी राहतात. कालच त्याने या इंजिनाची चिप बदलली होती, नंबर द्यायचा राहिला होता. नंबर देताना बाकीची सगळी इंजिनं रुळावरून उचलायची, हा या छंदातला पहिला धडा, शेंबड्या पोरालाही माहीत असलेला. धनंजयने शेवटचे दोन आकडे, शहात्तर, दाबले, बटण दाबून धरलं, आणि मनात वाक्य जुळवत होता – आई, एक सांगायचं होतं… नको. आई, त्या रविवारी… मग कंट्रोलरची मूठ फिरवली.

तिन्ही इंजिनं एकदम निघाली. एकशे शहात्तर पुलाकडे, दुसरं बोगद्यात, तिसरं यार्डातल्या अडसराला नाक लावून जागच्या जागी चाकं फिरवत घरघर करत राहिलं. त्याने मूठ उलटी फिरवली तर तिन्ही एकदम मागे. सगळ्यांना एकच नंबर बसला होता! वीस वर्षांत ही चूक केली नव्हती.

“एकाला सांगितलंस, निघाली सगळी,” आई म्हणाली. वात वळायची थांबली नव्हती.

“वायर बघतो,” तो म्हणाला आणि टेबलाखाली शिरला. वायरीला काहीही झालेलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण इथे खाली अंधार होता, फरशी गार होती, उताणं पडल्यावर प्लायवुडची खालची कच्ची बाजू दिसत होती आणि आईची फक्त पावलं. भेगा पडलेली, उर्वीचे पांढरे मोजे घातलेली. चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसत नसला की जमेल, असं वाटलं.

“आई.”

“हं.”

“बाबा गेले त्या रविवारी मी फॅक्टरीत नव्हतो.”

पावलं हलली नाहीत. स्वयंपाकघरात विद्याने कुकरची शिट्टी काढली, वाफेचा फुसकारा झाला. यार्डातलं इंजिन अजून घरघरत होतं, ते बंद करायला हवं होतं.

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते वाती वळत वळत, काल काय भाजी केली ते सांगावं तसं. पहिला फोन लागला तेव्हा नंदूच्या हातातून तिने ओढून घेतला होता, धनूचा आवाज ऐकायला. पलीकडे बाई बोलत होती, इंग्रजी, भरभर, काही म्हणता काही उमजेना. फक्त ट्रेन, ट्रेन एवढं कळलं. नंदूने नंतर नीट समजावलं – दादा रेल्वेने फिरायला गेलाय. नंदूला तिने तेव्हाच दटावलं होतं, तोंडातून काढू नकोस. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास पाळी होती, तर मी म्हटलं पाळी तर पाळी.

चोवीस वर्षं. म्हणजे तेराव्याच्या दिवशी लोक बोलत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो, तेव्हा समोर बसून ही सगळं जाणून होती… त्याला आधी रागच आला. मग लाज. मग राग नेमका कुणाचा आणि लाज कुणाची, ते कळेना.

“आणि ह्यांना सांगितलं मी,” आई म्हणाली. “बूथ दवाखान्याच्या समोरच होता. आत गेले आणि कानात सांगितलं, धनू रेल्वेत आहे. हसले.”

धनंजयच्या हातात एक वायर होती, ती त्याने धरून ठेवली. हसले. पण नंदू म्हणाला होता… सुट्टीत गावी गेल्यावर नंदूने समुद्राकडे तोंड करून सगळं सांगितलं होतं, शनिवारी रात्रीपासून बाबा शुद्धीवर नव्हते, हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. शनिवारी रात्रीपासून. फोन रविवारचा. मग हसले कधी? नंदू चुकला? की ही…? मी हिला पाळीचं सांगितलं, तसं आता ही मला? एवढं एक वाक्य विचारलं असतं तर उलगडा झाला असता – आई, ते शुद्धीवर होते? चार शब्द. जिभेवर आले होते. त्याने ते परत गिळले, आणि आश्चर्य म्हणजे घशाला काही टोचलं नाही.

तो टेबलाखालून बाहेर आला, केसांना भुसा लागलेला. यार्डातलं इंजिन आधी उचललं. बोगद्यात हात घालून दुसरं काढलं. दोन्ही फडताळात ठेवली. आता रुळांवर एकशे शहात्तर एकटं, पुलाच्या अलीकडे उभं.

आईने वातींचा जुडगा पदरात ठेवला, चष्मा सारखा केला. “कसं असतं रे तिकडे गाडीत? खिडकीतून काय काय दिसत होतं?”

“आत्ता? जेवायची वेळ झाली आई.”

“सांग तर. त्यांनी दहा पत्रांत विचारलं, तू लिहिलं नाहीस. मी आता जायची. गेल्यावर पहिलं तेच विचारतील, मी काय सांगू? प्लायवूड?”

उर्वी दारात येऊन उभी राहिली, आजी, मम्मा कॉलिंग, वरण थंड होतंय. आजीने तिला हाताने थांब म्हटलं. धनंजयने मूठ अगदी हलकी फिरवली आणि इंजिन हललं, एकटंच. पुलावर चढलं. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचेना… दगडी कुंपणं होती, मेंढ्या होत्या, पण आता डब्यातल्या समोरच्या बाकावर तो आयरिश म्हातारा बसेना. तिथे धोतर, काळी टोपी, मांडीवर छत्री आडवी घेतलेला दुसराच कुणी बसला होता आणि काचेला नाक लावून बाहेर बघत होता, आणि किलार्नी अजून यायची होती.

“पहिला एक पूल लागतो,” तो म्हणाला.