पावणेसहाचा रकाना

ताटलीवरून वाटी घसरली आणि टण्णकन वाजली, तेव्हा कुठे मी भानावर आले. चार वर्षांची माझी लेक ओठांवर दुधाची मिशी घेऊन माझ्याकडेच बघत होती.

"आई, बाईसाहेबांचे दात काढले?"

"काढले काल."

"मग आता त्या चावणार नाहीत?"

"नाही चावणार," म्हणून मी भांडी घासायच्या निमित्ताने तिच्याकडे पाठ केली.

बाईसाहेब म्हणजे शिंपीकाकांची मांजर. काका एकटे, मांजर म्हातारी. दवाखान्यात आणलं की तिच्याशी अहो-जाहो चालायचं. "सांभाळून हं, बाईसाहेब आज रागावल्यात." ही गंमत मीच घरी येऊन लेकीला सांगितली होती.

जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागून मला महिनाही झाला नव्हता. शिकताना आमच्याकडून घोकून घेतलं होतं, की भूल दिलेलं जनावर नीट उठून बसेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी त्याचा ताप, श्वास, नाडी बघायची आणि तक्त्यात लिहायची. इथे लिहिणं अगदी नेमाने व्हायचं. बघणं राहून जायचं. ऑपरेशन संपलं की घड्याळताई उभ्या उभ्याच पुढच्या दोन तासांचे रकाने भरून टाकायची. ती आमच्यातली सगळ्यांत जुनी. मनगट मोकळं असूनही वेळ अचूक सांगते, म्हणून हे नाव.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "ताई, अजून चारसुद्धा वाजले नाहीत. साडेपाचचा ताप आत्ताच कसा कळला?"

"मला तुझी पोरगी कितवीत नापास होणार तेही कळतं. लिही गप. आणि सगळीकडे अडतीस नको टाकूस, एखादा पॉइंट वर-खाली कर. सारखं दिसलं की खोटं वाटतं."

"डॉक्टर मॅडमना चालतं हे?"

"अगं, मॅडमनीच शिकवलंय मला!"

सगळे हसले. मीही हसले. नव्या माणसाने आल्या आल्या शहाणपणा दाखवू नये, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे भीती वाटत होती. पाळणाघरापासून दहा मिनिटांवर दुसरी नोकरी मला कोण देणार होतं?

काल बाईसाहेबांचे दात काढून झाले तेव्हा पावणेचार वाजले होते. तक्ता माझ्या हातात आला. चारपासून सहापर्यंतचे सगळे रकाने मी एका दमात भरले. अडतीस, अडतीस पॉइंट एक, पुन्हा अडतीस. हात अडखळलासुद्धा नाही, याचंच आता वाईट वाटतं.

चार वाजता मी खरोखर बघितलं. साडेचारलाही. गरम पाण्याची बाटली तिच्या पोटाशी सरकवली. मग दोन दांडगे कुत्रे आले, त्यांना धरण्यात तास गेला. निघताना पिंजऱ्यात हात घातला, तर कान गार लागला. बाटलीही कोमट झालेली. पाणी तापवायचं, बाटली भरायची, तिला गुंडाळायचं, ताप बघायचा, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं तरी हवीत. आणि पाळणाघराच्या बाई आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "उद्या उशीर झाला तर पोरीला दारात उभी करीन."

"ताई, बाईसाहेबांची बाटली तेवढी बदला हं!"

"बदलते गं, पळ तू."

मी पळाले. साडेपाच वाजले होते.

आज सकाळी पिंजऱ्यावर चादर टाकलेली दिसली. "बाटलीचं राहूनच गेलं बघ," ताई हळूच म्हणाली. "पण म्हातारीच होती गं. व्हायचंच."

दहा वाजता काका आले. मॅडमनी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "हे बघा, दर पंधरा मिनिटांनी तपासलंय. आम्ही काही कमी केलं नाही." शिवण तपासावी तसं काकांचं बोट रकान्यांवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"हे अक्षर कुणाचं?"

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे पावणेसहाला तू होतीस तिच्याजवळ," काका म्हणाले. बाईसाहेबांशी असलेलं त्यांचं अहो-जाहो सुटलं होतं. "बरं झालं, पोरी. एकटीला फार भीती वाटायची तिला. कण्हली का गं?"

मी तिथे नव्हते. एवढंच बोलायचं होतं. तीन शब्द. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, ताई कापूस शोधत होती. काका वाट बघत होते.

"नाही काका. झोपेतच गेली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कोटाच्या अस्तराचं मऊ कापड आणलं होतं, त्यात तिला गुंडाळून ते निघून गेले. दार लागल्यावर ताई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "शिकलीस हो!"

नळ चालूच होता. लेकीने माझा पदर ओढला.

"आई, बाईसाहेब घरी गेल्या?"

मी नळ बंद करून तिच्यासमोर खाली बसले. निदान इथे तरी खोटं नको. "नाही गं राणी. त्या वारल्या. औषधाने झोपल्या होत्या आणि त्यांना फार थंडी वाजली."

ती विचारात पडली. "तू पांघरूण नाही घातलंस?"

"मी तिथे नव्हते."

"मग कुठे गेली होतीस?"