पाच डॉलरचा कॅल्क्युलेटर

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये बोलू नका! मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. साधासुधा नाही हं, आलेख काढणारा. पोटावर पन्नास बटणं. माझ्या पाठीवर दोन नावं कोरलीत. एक 'कर्टिस', त्यावर काट. त्याखाली 'रेनी'.

कर्टिस गणिताचा पदवीधर. पदवी झाली आणि गडी कॉलेजचं कर्ज डोक्यावर घेऊन ओहायोत आईच्या तळघरात परत राहायला आला. एका शनिवारी त्याने गॅरेजसमोर टेबल टाकून जुनं सामान विकायला काढलं. त्यात मी होतो. सोळा वर्षांची रेनी हालुस्का आली आणि तिने मला झटकन उचललं.

"गणित आवडतं वाटतं?" कर्टिसने विचारलं.

"आवडतं काय, मी त्यातच डिग्री घेणार!"

कर्टिसने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा काहीतरी सांगतो. तो म्हणाला, "पाच डॉलर."

मग काय दिवस होते! रेनी मला जेवणाच्या टेबलावरसुद्धा सोडायची नाही. जिल्ह्याच्या गणित स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. तिचे बाबा, गस, छपरं दुरुस्त करायचे. घरी आले की मला डांबराच्या बोटांनी थोपटायचे. "ह्याला खाऊ काय घालतेस गं? बॅटऱ्या?" स्वतःच हसायचे.

एप्रिलमध्ये दोन कॉलेजांची पत्रं आली. गावाजवळच्या सरकारी कॉलेजचा वर्षाचा खर्च तेरा हजार, मदत चार हजार. दूरच्या खासगी कॉलेजचा खर्च अठ्ठावन्न हजार, आणि मदत? बावन्न हजार! रेनीने पत्राच्या तळाची बेरीज माझ्यात टाकली. मी उत्तर दिलं: सहा हजार. सरकारीचं आलं नऊ.

"म्हणजे भारी कॉलेज स्वस्त पडतंय?" गस ओरडले. "बाई गं, त्यांना तू हवीच आहेस!"

मला वरच्या ओळी कोणी दिल्याच नव्हत्या. रेनीने सरकारीला नकार कळवला.

आमच्याकडे शाळा संपली की अंगणात पार्टी असते. गॅरेजमध्ये फळा लावतात, त्यावर फोटो, बक्षिसं आणि कॉलेजचं पत्र टाचतात. केक कापून झाला, आणि गसची बहीण लॉरेटा फळ्यापाशी थांबली. ती बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते.

"गस, ह्या बावन्न हजारांत सत्तावीस हजार कर्ज आहे."

"मदत लिहिलंय की."

"मदतच आहे. व्याजासकट परत करायची. साडेपाच हजार हिच्या नावावर, बाकीचं तुझ्या. चार वर्षांचं एक लाख आठ हजार!"

मग कोणीतरी खुसकन हसलं. "गणितात हुशार आहे म्हणे पोरगी!"

रेनी लालबुंद झाली. तिने मला हिसकावून घेतलं. कॉलेजच्या माहितीपत्रातला पगार टाकला, वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार. "फिटतं! बघ आत्या, फिटतं!"

"तो विमा कंपनीत गेलेल्यांचा. तुला तर शाळेत शिकवायचंय ना? मग मास्तरणीचा पगार टाक की!"

रेनीने चव्वेचाळीस हजार टाकले. भागाकाराचं बटण दाबलं, हप्ता टाकला. आता फक्त शेवटचं बटण. अंगठा त्यावर येऊन थांबला. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो. तेवढ्यात गस म्हणाले, "बंद कर ते. अख्ख्या गावाला केक वाटलाय मी. सही मी करतो."

तिने मला बंद केलं.

आता रेनी शाळेत गणित शिकवते आणि बाबांच्याच घरी राहते. महिन्याला हातात अठ्ठावीसशे येतात, त्यातले तेराशे दोघांच्या हप्त्यांत जातात. गस चौसष्टाव्या वर्षी अजून छपरावर चढतात, गुडघ्याला पट्टा बांधून. मी पाच वर्षं खणात होतो, सुकलेल्या पेनांबरोबर.

गेल्या शनिवारी मला बाहेर काढलं. गॅरेजसमोर टेबल. एक मुलगी आजीला घेऊन आली, तिने मला झटकन उचललं.

"मी गणित घेणार आहे!" मुलगी म्हणाली. "आमच्याच गावातलं कॉलेज सोडून तिकडे लांब चाललेय. एकोणपन्नास हजारांची मदत मिळालीय मला!"

आजीने अभिमानाने पर्स थोपटली. पत्र तिथेच होतं. गस शिडी पुसत होते, ते थांबले. "रेनी, सांग ना तिला. कॉलेजांना उत्तर कळवायला सोमवारपर्यंत वेळ आहे अजून."

रेनीने तोंड उघडलं. माझ्या पाठीवरचं आपलं नाव बघितलं, त्यावरचं कर्टिसचं बघितलं.

"मला कोणी वेळेवर सांगितलं होतं?" ती बाबांना हळूच म्हणाली. मग मुलीकडे वळली, गोड हसली. "पाच डॉलर."

मित्रांनो, मला धूळ लागू देऊ नका, बॅटऱ्या वेळेवर बदला, एवढंच मागतो. आणि बेरीज टाकण्याआधी वरची एकेक ओळ माझ्यात टाका, मी खोटं बोलत नाही. आता मी त्या मुलीच्या दप्तरात आहे, आणि रेनीचं नाव खोडायला तिने कर्कटक काढलंय. पण खरं सांगा, त्या टेबलामागे तुम्ही उभे असता, तर तुम्ही काय केलं असतं?