टेबलाखालची तीन वर्षं

आईने हेडसेट दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्याची शिवण अंगठ्याने ताणून पाहिली आणि नापसंतीने मान हलवली.

"शिलाई कच्ची आहे. वर्षभरात उसवेल."

मुलगी हसली, पण तिचा जीव टांगणीला लागलेला होता. तिच्या स्टुडिओत, म्हणजे छापखान्याच्या वरच्या खोलीत, आई आज पहिल्यांदाच आली होती. आल्या आल्या तिने खिडकीचा पडदा एका बाजूने दोन बोटं लांब असल्याचं सांगितलं, पाणी मागून घेतलं, आणि ज्या कामासाठी आली होती त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मुलगी आभासी जगात मांडणशिल्पं करायची. डोळ्यांवर हेडसेट चढवला की बघणारा तिने रचलेल्या जागेत जाऊन पोचायचा. तिथे मान वळवून बघता यायचं, हात लांब करता यायचा. या वेळी तिने रचली होती ती आईच्या शिवणाच्या दुकानातली टेबलाखालची जागा. शाळेत जायला लागेपर्यंतची तीन वर्षं तिने तिथे काढली होती, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं आणि आईला मशीन सोडून उठायची सोय नव्हती. चार दिवसांनी ते मांडणशिल्प लोकांसाठी खुलं होणार होतं.

ही बातमी मावशीने आईला आपल्या पद्धतीने पोचवली. तुझी लेक आता जगाला दाखवणार आहे, तू तिला टेबलाखाली कसं वाढवलंस ते. मावशीच्या पोटात काही राहत नाही, आणि बाहेर पडतं तेव्हा सरळ पडत नाही. त्यानंतर आठवडाभर आई फोनवर 'बरं आहे' आणि 'ठेवते' याच्यापुढे गेली नाही. शेवटी मुलीनेच सांगितलं की तू येऊन बघ, तू नको म्हणालीस तर मी सगळं पुसून टाकीन. हे ती मनापासून बोलली होती, आणि बोलल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दीड वर्षाचं काम होतं ते.

आईचे गुडघे आता दुमडत नसत, म्हणून तिला बुटक्या स्टुलावर बसवलं. वायर पायात येऊ नये म्हणून मुलगी ती हातात धरून समोर फरशीवर बसली. हेडसेट चढला. आईला दिसत होतं तेच लॅपटॉपच्या पडद्यावर मुलीलाही दिसत होतं.

डोक्यावर टेबल होतं, छताएवढं मोठं. त्याच्या खालच्या अंगावर खडूने काढलेली चित्रं होती: मासे, शिडी, पाच पायांचं मांजर. बाजूला कात्रणांचा ढीग. समोर मशीनचं लोखंडी पायडल आणि त्यावर चपला घातलेले दोन पाय. वर मशीन धडधडत होतं. पलीकडे गिऱ्हाइकांची पावलं येत-जात होती आणि कुणीतरी बाही सैल झाल्याची तक्रार करत होतं.

"ही चित्रं कधीची?" आईने विचारलं.

"तेव्हाचीच. तुझ्या खडूने काढलेली."

"तरीच खडू पुरत नसत. मी त्या काजं करणाऱ्या बाईंवर आळ घेतला होता."

मग आई पुढे वाकली आणि मान वाकडी करून टेबलाच्या कडेपलीकडे, वर बघू लागली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पायांच्या वर गुडघे होते, गुडघ्यांच्या वर टेबल.

"मला तोंडच नाही?"

"तिथून दिसायचं नाही, आई. टेबल आडवं यायचं."

आईची बोटं मांडीवर एकमेकांत अडकली. चेहरा नाही हे मुलीला माहीत होतं, तिनेच तसं केलं होतं; पण आईच्या डोळ्यांनी ते कसं दिसेल याचा तिने कधी विचारच केला नव्हता. मावशी म्हणते त्यात तथ्य असेल की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर उजवा पाय चपलेतून बाहेर निघाला. मशीन थांबलं नाही, डाव्या पायावर चालत राहिलं. मोकळा पाय जमिनीवरून चाचपडत पुढे आला, बघणाऱ्याच्या गुडघ्याला लागला, अंगठ्याने दोनदा हलकंच दाबलं आणि मागे जाऊन पुन्हा चपलेत शिरला.

"हे आठवतं तुला?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"हेच तर आठवतं. बाकीचं सगळं याच्यासाठी केलंय."

त्या पायानेच तिला सगळ्यात जास्त रडवलं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या मित्राने तो दर चाळीस सेकंदांनी यावा असा बसवून दिला होता. मग तिने तीस करून पाहिले, साठ करून पाहिले, तरी काहीतरी खोटं वाटत राहायचं, आणि नेमकं काय ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. मित्र वैतागून म्हणाला होता की पायच तो, येतो आणि जातो, आणखी काय करायला हवं त्याने.

पाय दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईने मान हलवली, पट्ट्याची शिवण बघून हलवली होती तशीच.

"हे चुकलंय."

मुलीने हातातली वायर घट्ट धरली. "पुसून टाकू?"

"पुसतेस कशाला? दुरुस्त कर." आईने हेडसेटमध्ये दिसणाऱ्या पायांकडे बोट दाखवलं, ते खोलीत मुलीच्या खांद्यावर रोखलं गेलं. "घड्याळ लावल्यासारखा नव्हता येत गं तो. तू खाली खुडबुड करायचीस, स्वतःशी बडबडायचीस, तोवर कशाला येईल? मला ऐकू यायचं ना. तुझा आवाज थांबला की पाय निघायचा. वाकून बघितलं असतं तर शिवण वाकडी गेली असती."

आईने डोक्यावरचा हेडसेट सारखा केला.

"तीन वर्षं माझा एक कान टेबलाखालीच होता, ठकू."

ठकू ही तिची दुकानातली हाक. शाळेच्या दाखल्यावर खरं नाव चढलं आणि ती मागे पडली.

"मी तर गप्प बसून त्या पायाची वाट बघायचे," मुलगी म्हणाली.

"मग येणारच की."

हेडसेटला माइक होता. बघणारा हलत-बोलत असेल तोवर पाय येणार नाही, तो गप्प झाला की येईल, एवढंच करायचं होतं. इतकी साधी गोष्ट. पण ती टेबलाखाली बसून कळणारी नव्हती. मित्राला लगेच फोन करायला हवा होता. चार दिवसांत होण्यासारखं होतं. पण ती तशीच वायर धरून बसून राहिली. खोलीत फक्त मशीनची धडधड उरली.

आईने हेडसेट काढला नव्हता. मान वर करून ती ते पाच पायांचं मांजर निरखत होती, आणि त्याच्या शेपटीचं काय करावं अशा विचारात दिसत होती.

थोड्या वेळाने तिचा उजवा पाय चपलेतून निघाला, फरशीवरून चाचपडत पुढे आला आणि मुलीच्या गुडघ्याला लागला.