रडायची परवानगी

शॅरननं रेकॉर्डर बंद केला तेव्हा रंगुबाईंचा रडण्याचा हेल अर्ध्यावरच होता.

"थांबू या, मावशी."

रंगुबाईंनी तोंडावरचा पदर वर केला. "का वं ताई? आत्ताशी कुठं सांगाया लागले मी."

आता काय सांगायचं? बोलणारं माणूस रडू लागलं की मुलाखत तिथंच थांबवायची, असा विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा नियम. शॅरन श्रीरामपूरची. गेलेल्या माणसाचं सगळं इकडच्या बाया रडता रडताच सांगतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण ते समितीला कोण पटवणार! आणि नियम मोडला तर तिचं संशोधनच रद्द.

रंगुबाईंची लेक पूजा ऊसतोडीच्या तळावर तापानं गेली. तिकडंच तिला अग्नी दिला, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या हातात पुन्हा कोयता. गळ्यात पडून रडायला एक बाई आली नाही. सगळी भावकी निरनिराळ्या कारखान्यांवर पांगलेली. गुढीपाडव्याला माणसं गावी परतली तोवर दुखवटा शिळा झाला होता. ऐकायला म्हणून समोर बसलेली शॅरन पहिलीच.

"माझी पूजी पुस्तकात येईल न्हवं?"

"मी परत येते, मावशी," शॅरन उठत म्हणाली.

मग ती समितीशी भांडली. अर्ज, खुलासे, पुन्हा अर्ज. मार्गदर्शक वैतागले. अखेर रडणाऱ्या बाईचं ऐकायची परवानगी मिळाली, तेव्हा शॅरननं हरखून रंगुबाईंच्या गावाकडची, पाथर्डीची पहिली एसटी पकडली.

रंगुबाई तोंड धुऊन, पदर खोचून समोर बसल्या आणि शॅरन काही बोलायच्या आतच सुरू झाल्या. ताप कसा चढत गेला, मुकादमानं जीप कशी दिली नाही, पूजानं शेवटी पाणी कसं मागितलं. सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावेत तसं.

"बघा, टिपूस काढला न्हाई. मागच्या बारीला मी रडले आन् तुमचं काम अडलं. म्हनून भाकरी थापताना रोज सगळं म्हनून बघायची, न रडता. आता लिवाल न्हवं पूजीचं?"

"मावशी, आता रडलात तरी चालतं. परवानगी आणलीय मी. रडा तुम्ही."

"व्हय?"

रंगुबाईंनी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि शॅरनच्या गळ्यात हात टाकले.

"माझे पूजे गं..."

पुढं काही येईना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण आवाज सपाटच राहिला. जरा वेळानं त्या ओशाळून बाजूला झाल्या.

"लई घोकलं वं ताई," त्या म्हणाल्या. "आता येतच न्हाई."