बॅगेत गोवऱ्या कोन भरते, बाप्पा?

मी एक जुनी बॅग हाय. पाठीवर घ्याची, ताडपत्रीची, एकेकाळची हिरवी. मित्रांनो, तुमी म्हनान, बॅगेले कायचा आला राग? ऐका मंग, न तुमीच सांगा.

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल सत्तारचाचाच्या मशीनवर माझा जन्म झाला. चाचानं ट्रकची जाड ताडपत्री कापली, पट्ट्यांले दुहेरी शिलाई मारली. अकीलाचाचीनं आतून एक बटनाचा खिसा लावला न म्हनलं, "पानी की बोतल इसमें रखना. सब गिर जाएगा, ये नहीं गिरेगी."

मले घेतलं दर्यापूरच्या खुशालरावनं. सुरुवातीले काय कौतुक! पावना आला की मले खुंटीवरून काढे न म्हने, "पाहा, हिले बैल बांधला तरी पट्टा तुटत नाई!" मी फुगून जात होती. बारा वर्षं मी त्याइच्या पाठीवर डोंगर चढली, उतरली, कधी कुरकुर नाई केली.

मंग गेल्या दिवाळीत या मानसानं सोयाबीनचं पोतं मोटरसायकलवर बांधलं. दोरी नाई सापडली म्हनून माझ्या पट्ट्यानं बांधलं! उजवा पट्टा उसवला. त्याइची मोठी बहीन वच्छलाबाई म्हने, "खुशाल, चाचाकडून शिवून आन रे."

"उद्या जातो."

ते उद्या एप्रिलपर्यंत आलं नाई. अन् एप्रिलात दोघं भाऊ-बहीन निघाले मेळघाटच्या जंगलात, अठरा किलोमीटर पायी!

निघाच्या दिवशी वच्छलाबाईनं माझ्यात चार बाटल्या पानी भरलं. खुशालरावनं तीन काढल्या. त्या जागी काय भरलं असन? गोवऱ्या! वीस गोवऱ्या, कनीक अन् किलोभर वांगे.

"जंगलात जाचं न गोवरीवर भाजलेले कनकेचे रोडगे नाई खाचे, तं जाचं कायले?"

"अन् पानी?" वच्छलाबाई.

"डोंगरात झरे असते, बाई. पानी पाठीवर कोन वाहते?"

म्हंजे पानी जड, अन् गोवऱ्या हलक्या! माझा उसवला पट्टा करकरला. तं मलेच दम, "आज ही तुटली नं, तं कापून कुलरवर झाकन करतो हिचं."

मित्रांनो, बारा वर्षं डोंगर पाहिलेल्या बॅगेले कुलरवर पसरून पुरा उन्हाळा काढा लागला तं कसं वाटन? मी मनात म्हनलं, आज काई झालं तरी तुटाचं नाई.

जंगलाच्या तोंडाशी पिंकी भेटली. तिकडचीच पोरगी, गाईड. तिनं विचारलं, "काका, बॅग लय फुगली. काय हाय?"

"शिदोरी," खुशालराव म्हने. तोंडावर रेघ हालली नाई.

नऊ किलोमीटर मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. दात नाई मले, तरी खाल्ले. मंग एक उभी उतरन आली, खुशालराव घसरले, अन् मले झटका बसला. गेला पट्टा! मी गडगडत खाली. वांगे पुढं, गोवऱ्या मागं, कनकेचा ढग वर. एका वान्नेरानं वांगं उचललं, चावलं, न तोंड वाकडं करून परत आमच्याकडेच फेकलं.

पिंकीनं खाली येऊन पाहिलं. "काका, ह्या गोवऱ्या?"

"रोडग्यासाठी."

"इथं आगपेटी आनाले बंदी हाय! वाळल्या पानाचं जंगल, एक ठिनगी पडली तं पुरा डोंगर जाईन. उचला सगळं."

"शेनच तं हाय पोरी. गवे नाई टाकत का जंगलात?"

"गवे पेटवत नाई, काका."

खुशालरावनं अर्धा तास गोवरीचे तुकडे येचले. घसा कोरडा पडला. "झरा कुठी हाय इथं?"

"झरा ऑगस्टात हाय," पिंकी म्हने.

खुशालराव दगडावर बसले. चेहरा असा उतरला का वच्छलाबाई घाबरली. तिनं माझ्यात हात घातला. सगळं सांडलं होतं, पन अकीलाचाचीचा खिसा बंद होता. बाटली जागेवर. पिंकीच्या बाटलीत न ह्या एका बाटलीत तिघं घोट-घोट पुरवत परतले. मले वच्छलाबाईनं डोक्यावर घेतलं. गोवऱ्या खुशालरावच्या खांद्यावर, दुपट्ट्यात बांधून, नऊ किलोमीटर!

अन् एवढं पानी पिऊन हा मानूस काय म्हनते? "गद्दार निघाली बॅग!"

घरी येताच त्याइनं कैची मांगली. वच्छलाबाईनं कैची कमरेले खोसली. "आधी चाचाले दाखव. मंग काप."

दुसऱ्या दिवशी खुशालरावनं मले चाचाच्या मशीनवर आदळलं. "काय शिवलं चाचा तुमी? बारा वर्षांत तुटली!"

चाचानं चष्मा लावला, मले उलटी केली. भसकन गोवरीचा भुसा पडला. वरतून एक वांगं.

"खुशालराव, ये बैग है के बैलबंडी?"

खुशालराव दुकानातला पंखा पाहाले लागले.

"पट्टा कब उधड़ा था?"

"कालच."

"दिवाळीले!" दारातून वच्छलाबाई.

चाचानं तीन शिलाया मारल्या, वरतून चामड्याचा तुकडा लावला, न मले वच्छलाबाईच्या हाती देल्लं. खुशालरावच्या नाई.

तं वाचली मी. आता खुंटीवर हाव. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोनी खुंटीवर लटकून असन, तं आज उठून त्याची शिलाई पाहा. उसवली असन तं आजच न्या. अन् पानी काढून गोवऱ्या भरू नका, हे सांगा लागते का बाप्पा मानसाले?

लागते. काऊन का काल खुशालराव फोनवर कोनाले तरी म्हनून राहिले होते, "दिवाळीनंतर पुन्हा जाऊ. गोवऱ्या नाई नेत आता, शिकलो मी." मी म्हनलं, चला, अक्कल आली.

फोन ठेवला, न ते कोपऱ्यातल्या पाच किलोच्या सिलेंडरकडे पाहाले लागले. मंग माझ्याकडे. मंग पुन्हा सिलेंडरकडे.

मित्रांनो, मेळघाटात तुमच्या ओळखीचं कोनी हाय का? पिंकीले निरोप द्या.